चैत्रात लावलेलं हीटर

आता हसू नका म्हणून सांगण्यात काही अर्थ नाही, तुम्ही हसणारच. आमच्या पिकअपच्या हीटरपायी मी चारचौघांत असा तोंडघशी पडलो की विचारू नका!

गाडी जुनी घेतलेली, थंड डोंगराळ मुलखातून आलेली, म्हणून तिला हीटर. आमच्या गावात, जैनाबादमध्ये, भेटेल त्याला मी ते समजावून सांगायचो. इंजिनात फिरून तापलेलं पाणी नळीनं डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये येतं, पंखा त्यावरून वारा ढकलतो, झाली कॅबिन गरम. वेगळं डिझेल लागत नाही. समोरचा जांभया द्यायचा, पण मी सोडायचो नाही.

हिवाळ्यात पहाटे केळी घेऊन मंडीत निघालो की इंजिन लवकर तापायचं नाही. मग मी डोकं चालवलं. केळीचे घड झाकायचं गोणपाट घेतलं आणि बोनेटखाली मोठ्या रेडिएटरसमोर खोचून दिलं. बाहेरचा गार वारा बंद, पाणी झटकन गरम. स्वतःवर मी भलताच खूश होतो.

चैत्रात पुतण्यासाठी, किशोरसाठी, असीरगढची मुलगी बघायला निघालो. गाडीत मी, किशोर आणि वहिनी. आधीची दोन स्थळं हातची गेलेली, त्यामुळे वहिनीचा जीव या एका होकारात अडकलेला.

चढ लागला आणि इंजिनाच्या गरमीचा काटा लाल रेघेकडे सरकला. वहिनी थांबा म्हणाली. पण उशीर केला तर पाहुणे काय म्हणतील? शिवाय माझ्याकडे ज्ञान होतं ना! हीटर लावलं की इंजिनाची गरमी आत येते, तेवढंच इंजिन गार. मी हीटरची कळ लाल खुणेकडे फिरवली आणि पंखा फुल्ल सोडला.

"भाऊजी, गाडीत बसवलं का चुलीत?" वहिनी म्हणाली.

किशोर बिचारा काही बोलला नाही. रुमाल पिळायचा आणि पुन्हा तोंड पुसायचा. काटा मात्र जरा खाली आला, आणि मी तो दोघांना अभिमानानं दाखवला.

दारात उतरलो तेव्हा तिघंही निथळत होतो. मुलीच्या वडिलांनी पाण्याआधी टॉवेल आणून दिला. वहिनी आत बायकांकडे गेली आणि गाडीतले सगळे हाल सांगत बसली. मी तिथंच, बोनेट उघडून, त्यांना हीटरचं सगळं शास्त्र सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, वाकून पाहिलं आणि रेडिएटरसमोरून गोणपाट ओढून काढलं.

"अन् हे कायले लावलं, भाऊ?"

थंडी कधीच सरली होती, गोणपाट काढायचं मी साफ विसरलो होतो. आतल्या दारात कोणीतरी खुदकन हसलं. ती मुलगीच होती. तिच्यामागे उभ्या वहिनीचा चेहरा पडला, आणि मला खरंच फार वाईट वाटलं.

चहा झाल्यावर वडील वहिनीला म्हणाले, "मुलगी हो म्हणते. एवढ्या गरमीत पोरगा काकाले उलटून बोलला नाही, म्हणजे स्वभावानं चांगला आहे, असं तिचं म्हणणं. बस, एकच शर्त आहे. नवरदेव यांच्या गाडीत नको."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत वहिनीनं शर्त मंजूर केली.