माझ्या तोंडून निघालेला नकार

डॉक्टर बाईंनी सीटी स्कॅनची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि माझ्या पत्नीला सांगितले, "इस्केमिक स्ट्रोक आहे. मेंदूच्या डाव्या बाजूची एक रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली. त्यामुळे उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं आहे. किती परत येईल ते आज सांगता येणार नाही." मी सर्व ऐकत होतो आणि मला सर्व समजत होते. हे आरंभीच नमूद करतो, कारण आमच्या तळेगावात आजही काही मंडळी सांगतात की त्या दिवसांत म्हातारा बेशुद्ध होता.

त्या सकाळी दुकानात गिऱ्हाईकाला कापड मोजून देताना माझ्या हातातून मीटरपट्टी निसटली. उचलायला वाकलो तो उठताच आले नाही. माझ्या दिवंगत थोरल्या भावाचा मुलगा दिगांबर याने जीप आणली आणि मला वर्ध्याजवळच्या एका मोठ्या रुग्णालयात पोहोचवले. त्याचे हे उपकार मी नाकारत नाही. त्याने नंतर जे पसरवले, ते मात्र नाकारतो.

मला अपत्य नाही असे सरकारी कागद म्हणतात. माझी पत्नी कमल हिची धाकटी बहीण बाळंतपणात गेली. तिची तान्ही मुलगी, अर्चना, आम्ही घरी आणली. शाळेत तिच्या नावापुढे माझे नाव लावले. ओटीत घेतलेले मूल आपले झाले, त्याला आणखी कागद कशाला, अशी आमची समजूत होती. मी आजारी पडलो तेव्हा ती वर्ध्याला बी.एस्सी. शिकत होती. रुग्णालयाच्या संमतिपत्रावर तिने सही केली आणि नात्याच्या रकान्यात 'मुलगी' असे लिहिले.

दिगांबर तेथेच उभा होता. "ते काकूच्या बहिणीची पोरगी आहे," तो परिचारिकेला म्हणाला. "मुलगी काऊन लिहून राह्यली? सही मी करतो."

मला ओरडायचे होते. आयुष्यभर मी बाजारात कोणाचा एक शब्द अंगावर राहू दिला नाही, आणि त्या दिवशी तोंडातून नुसता घोगरा आवाज निघाला.

या अवस्थेला अफेझिया म्हणतात. आपल्या भाषेत वाचाघात. समोरचा काय म्हणतो ते कळते, आपल्याला काय म्हणायचे तेही ठाऊक असते, परंतु शब्द ओठांपर्यंत येता येता हरवतो किंवा त्याच्या जागी दुसराच येतो. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तो वेडा झालेला नसतो.

पुढे एका सकाळी डॉक्टर बाई तपासणीला आल्या. अर्चना मला चमच्याने पेज भरवत होती. दिगांबर पायथ्याशी होता. बाईंनी सहज विचारले, "ही तुमची मुलगी का?"

"नाई," मी म्हणालो.

आजारानंतरचा तो माझा पहिला स्पष्ट शब्द. मला 'हो' म्हणायचे होते. मी 'हो'च म्हणत होतो. माझ्याच कानांनी मी 'नाई' ऐकले.

"ऐकलं ना," दिगांबर म्हणाला, "काकाजीनं सोताच सांगतलं."

अर्चना रडली असे कमल सांगते. ती रडली नाही. तिने चमचा वाटीत ठेवला, माझी हनुवटी पुसली, पलंगावरची चादर ओढून सरळ केली आणि कमलला हळू विचारले, "आई, मंग मी कोनाची आहो?" कमलने तिला जवळ ओढले. मला उत्तर देता येत नव्हते.

डॉक्टर बाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी मला विचारले, "तुमचं नाव दिगांबर आहे का?" मी म्हणालो, "हो." "तुम्ही बाई आहात का?" "हो." शेजारच्या खाटेवरचा रुग्ण हसला. बाई दिगांबरकडे वळल्या. "आता यांना लुगडं नेसवायचं का? अफेझियात हो आणि नाही यांची अदलाबदल होते. ते समजून उमजून बोलत आहेत, पण तोंड ऐकत नाही." मग माझ्याकडे वाकून त्या म्हणाल्या, "काका, बोलू नका. मुलगी कुठे आहे ते हाताने दाखवा."

माझा डावा हात चांगला होता. मी तो उचलला आणि अर्चनाकडे बोट केले. बाईंनी ते केसपेपरवर लिहून घेतले.

दिगांबर आजही सांगतो की तिच्यामागे पाण्याचा माठ होता आणि काकाजीले तहान लागली होती. माठ दाराबाहेर होता. माझे पाणी उशाशी होते. तहान लागलेला मनुष्य उशाचे पाणी सोडून भिंतीकडे बोट दाखवत नाही.

घरी आल्यावर कमलने वर्ध्याच्या वकिलांना बोलावले. त्यांनी जे सांगितले ते मी प्रत्येक कुटुंबासाठी लिहितो. घरात वाढवले, शाळेत नाव लावले, एवढ्याने मूल कायद्याने दत्तक होत नाही. दत्तकविधान तिच्या लहानपणीच व्हायला हवे होते, आता तिचे वय उलटले. मी गेलो तर घर आणि दुकान कमलला मिळेल. कमलने काही लिहून ठेवले नाही, तर तिच्यामागे ते माझ्या भावाच्या मुलाकडे जाईल. अर्चनाला त्यातले काहीही नाही. बँकेत नामनिर्देशन केले असले तरी नामनिर्देशित व्यक्ती केवळ पैसे स्वीकारते, त्यामुळे ती मालक ठरत नाही. उपाय एकच, मृत्युपत्र.

"आजच करा," कमल म्हणाली. दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो हे डॉक्टरांनी तिला सांगितले होते.

"आज केलं तर पुतण्या कोर्टात विचारेल, 'हो'ला 'नाही' म्हणणाऱ्या माणसाचं मृत्युपत्र कसं मानायचं?" वकील म्हणाले. "त्यांना बोलू द्या, मग करू."

म्हणून मी बोलायला शिकलो. लोक सांगतात की देवाने वाचा दिली. देवाचा मान राखून सांगतो, वाचा अर्चनाने दिली. वाचाउपचार, म्हणजे स्पीच थेरपी, तिने रुग्णालयात शिकून घेतले. दर शनिवारी ती वर्ध्याहून येई आणि माझ्यासमोर बसे. "बाबा, म्हणा, भाकर." मी म्हणे, "खुर्ची." "बरं, खुर्ची खा मंग," ती म्हणे, आणि कमल स्वयंपाकघरातून हसे. चिडून मी शिवी दिली तर ती मात्र अचूक निघे. "पाहा आई, शिव्या साऱ्या शाबूत आहे."

बोलता येऊ लागले तेव्हा वकिलांनी मसुदा वाचून दाखवला. त्यात लिहिले होते, 'पत्नीच्या बहिणीची मुलगी, जिला मी कन्येप्रमाणे वाढवले.' मी डाव्या हाताने कागद सारला. 'कन्या' लिहा, असे मी तुटक शब्दांत सांगितले. वकील म्हणाले की कायद्याने जे खरे नाही ते लिहिले, तर विरोधकाच्या हाती आयतीच फट सापडते. मी ऐकेना. मसुदा तसाच पडून राहिला, आणि धोका रोज होता.

शेवटी अर्चना म्हणाली, "बाबा, लिहू द्या ना त्याईले. कागदावर कन्येप्रमाणे. घरात मले कोणी तसं हाक मारते का?"

मी आयुष्यात फार थोडे वाद हरलो. त्यातला हा एक.

आर्वीच्या एका डॉक्टरांनी मला तपासून मी सावध व समजूतदार असल्याचा दाखला दिला. ते आणि शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक साक्षीदार झाले. त्या दोघांसमोर मी डाव्या हाताचा अंगठा उठवला. मग आम्ही नोंदणीसाठी आष्टीला गेलो. नोंदणी सक्तीची नसते, परंतु पुढची भांडणे टळतात. दुय्यम निबंधकांनी विचारले, "हे तुम्ही स्वखुशीने करता ना?"

"नाई," मी म्हणालो.

वकिलांनी डोळे मिटले. निबंधकांनी कागद परत ढकलला असता तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी डॉक्टरांचा दाखला पुन्हा वाचला, लेखणी खाली ठेवली आणि म्हणाले, "घाई नाही आजोबा. तुमच्या शब्दांत सांगा." बाहेर लोक खोळंबले होते. त्यांनी दार लावून घ्यायला सांगितले.

मी 'हो'च्या वाटेला गेलोच नाही. एकेक शब्द शोधून, जोडून म्हणालो, "घर माझं. दुकान माझं. कमल आहे तोवर कमलचं. मंग अर्चनाले. माझ्या मर्जीनं."

तेव्हापासून दुसरा झटका आलेला नाही. मृत्युपत्र कपाटात आहे आणि ते कोठे आहे हे घरातल्या सर्वांना ठाऊक आहे. कमलनेही आपले करून ठेवले. अर्चना आता स्वतः शाळेत शिकवते. नोकरी लागताच पहिल्या महिन्यात मी तिलाही तिचे कागद नीट करायला लावले, कारण हे काम म्हाताऱ्यांचे आहे हाही एक गैरसमजच.

ज्या डॉक्टर बाईंनी एका शब्दावर विश्वास ठेवला नाही आणि ज्या निबंधकांनी दार लावून वाट पाहिली, त्यांचा मी ऋणी आहे. तुमचा रुग्ण 'नाही' म्हणाला, तर पुन्हा विचारा. दुसऱ्या रीतीने विचारा. त्याच्या हाताकडे पाहा.

हे सर्व दिगांबरने वाचावे अशी माझी इच्छा आहे. त्याला हल्ली बारीक अक्षर दिसत नाही असे कळते. त्याने रविवारी घरी यावे. माझी मुलगी त्याला वाचून दाखवील.