विलासची बुरशी आणि माझा जळफळाट

आमच्या बटाटा गटात माणसं सातच, पण किस्से सांगायला बसलं तर चहा दोनदा गरम करावा लागतो. दरवर्षी दोन-चार नवे जमतातच.

गंगापूर रोडची दुकानं मागं पडली की आमची वावरं सुरू होतात. माझ्या बांधाला बांध लागून चुलतभाऊ विलास. माझ्यापेक्षा लहान आहे आणि हुशार आहे. या दोन्ही गोष्टींचा मला त्रास होतो. आधीच सांगून टाकलेलं बरं!

*

दोन वर्षांपूर्वी विलास मारुतीच्या पारावर एक पुडी घेऊन आला. ट्रायकोडर्मा! "ही चांगली बुरशी. शेणखतात मुरवायची, बेण्याच्या बटाट्यांना चोळायची. बटाटा सडवणाऱ्या बुरशीला ही खाऊन टाकती."

नामदेवतात्या गटात सगळ्यात वडील. ते म्हणाले, "इतके दिवस बुरशी जावी म्हणून औषध मारलं. आता बुरशी यावी म्हणून मारायचं व्हय?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी. त्या साली माझे निम्मे बटाटे जमिनीतच सडले, आणि विलासचे आंघोळ करून आल्यासारखे निघाले.

त्यातले पाटीभर त्यानं आमच्या घरी पाठवले. बायकोनं झणझणीत रस्सा केला आणि विचारलं, "कसा झालाय?"

"मीठ कमी आहे," मी म्हणालो, आणि तिसऱ्यांदा वाढून घेतला.

*

पुढच्या साली मी गुपचूप शहरातल्या दुकानात गेलो. काही झालं तरी विलासला विचारायचं नाही, हे पक्कं होतं.

दुकानदार म्हणाला, "विलासभाऊ नेतात तेच देऊ ना?"

"ते सोडून कुठलंही द्या!"

"तेवढं एकच आहे, दादा."

घेतलं तेच. पण मला विलासच्या बरोबरीचं नको होतं, त्याच्यापेक्षा भारी पीक हवं होतं. म्हणून बेण्याला ट्रायकोडर्मा चोळला, आणि लागवडीनंतर दोन दिवसांनी वरून बुरशीनाशकाचं पाणीही सोडलं. डबल प्रोटेक्शन!

बटाटे पुन्हा सडले. मी गटाच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकला आणि लिहिलं, 'ट्रायकोडर्मा बोगस आहे.'

विलासनं विचारलं, 'दादा, अजून काय सोडलं होतं?' मी सांगितलं. त्यावर त्याचं उत्तर आलं, 'म्हणजे राखणदार ठेवला आणि त्यालाच विष पाजलं!'

खाली पाच हसरे चेहरे. मी रागानं फोन बायकोपुढं धरला, तर तीही हसली.

हसले नाहीत ते फक्त आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील, आणि वावर अजून त्यांच्याच नावावर आहे. ते एवढंच बोलले, "पुढच्या साली सडले तर वावर विलासला वाट्यानं देतो. तू बांधावर बसून बघ."

माझं वावर, माझ्या डोळ्यांदेखत, विलास कसणार! चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

*

यंदा नामदेवतात्यांनीही मनावर घेतलं. शेणखतात ट्रायकोडर्मा कालवला, सावलीत गोणपाटाखाली झाकून आठ दिवस जपला. ढिगावर हिरवी बुरशी धरली तशी तात्या खूश होऊन त्र्यंबकेश्वरला दर्शनाला गेले.

परत येतात तर काकूंनी सगळा ढीग रणरणत्या उन्हात पसरलेला, बुरशी पार करपलेली! तात्यांनी कपाळावर हात मारला. पण काकू कसल्या ऐकतात! "माझ्या लोणच्याला बुरा आला की फेकायला लावता, आन शेणाला आला की जपायचा व्हय?"

विलासनं आपलं निम्मं खत तात्यांना दिलं. तेही हसतमुखानं! द्यायचंच तर माणसानं थोडं तोंड वाकडं करून द्यावं, म्हणजे बघणाऱ्यालाही जरा बरं वाटतं.

*

मी मात्र यंदा मुकाट्यानं सगळं विलाससारखं केलं. खत सावलीत मुरवलं, बेणं चोळलं, जमिनीत बुरशीनाशकाचा थेंब सोडला नाही. त्याला विचारलं नाही, बांधाआडून बघून घेतलं.

काढणीच्या दिवशी आप्पा सकाळीच येऊन बांधावर बसले. पहिली सरी उकरली, बटाटे स्वच्छ. दुसरी, तिसरी, तीही स्वच्छ. प्रत्येक सरीला मी आप्पांकडं बघायचो. आप्पांनी एक बटाटा उचलला, नखानं खरवडला आणि परत ढिगात टाकला. दुपारपर्यंत त्यांचं हेच चाललं होतं.

तेवढ्यात विलास आला. ढिगाभोवती चक्कर मारली, दोन बटाटे फोडून बघितले. आतून पांढरेशुभ्र. त्यानं ते खाली टाकले, हात पुसले.

"दिसायला बरे हायत," तो म्हणाला, "पण पाणी जास्त झालंय. टिकायचे नाय."

मला तो 'मीठ कमी' असलेला रस्सा आठवला. आप्पा उठले, टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"वावर तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे," मला म्हणाले, आणि जेवायला घरी गेले.