ज्ञानोबासाठी टाकलेला शब्द

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट ठाऊक नाही. सांगायला बसल्यावर आत काहीतरी हलेल असं वाटलं होतं — हललं नाही.

लातूरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. चांगलं शिकवतो म्हणतात. शिकवत असेन.

ज्ञानोबा चाकूरचा. नांदेडला विद्यापीठात एमएस्सीला आम्ही एका खोलीत राहायचो. शिकवण्याचं त्याला वेडच. मेसमध्ये ताटातलं मेथीचं पान उचलून शेजारच्याला त्याच्या शिरा समजावत बसायचा — आणि शेजारचा जेवण सोडून ऐकायचा. मला असं कधी जमलं? नाही.

एकदा तापात त्याला झटका आला. डॉक्टर म्हणाले, तापामुळं झालं, आजार काही नाही. पुन्हा कधी आलाही नाही. "कुणाला बोलू नको गड्या," एवढंच तो म्हणाला.

पुढं या कॉलेजात एक जागा निघाली. मी इथं आधीपासून तासिकेवर होतो. दोघांनीही मुलाखत दिली. त्यानं घेतलेला पाठ मी दाराबाहेरून ऐकला, आणि जागा कुणाची ते तिथंच कळलं. कळल्यावर माणूस काय करतो?

संस्थेच्या अध्यक्षांनी मला आत बोलावलं. "तो चाकूरचा पोरगा तुमचा दोस्त हाय न्हवं? कसा हाय?"

"चांगला आहे," मी म्हणालो. तिथंच थांबता आलं असतं — थांबलो नाही. "फक्त त्याला फिट येते, साहेब. वर्गात पोरांसमोर पडला एखाद्या दिवशी, तर..."

आवाजात काळजी होती. मीच घातली होती ती.

त्याला एसटी स्टँडवर सोडताना म्हणालो, "मी बोललो रे तुझ्यासाठी." बोललोच होतो — नाही का?

जागा मला मिळाली. ज्ञानोबा अर्धापूरला गेला, केळीची रोपं तयार करणाऱ्या एका लॅबमध्ये. त्याची आई घर सोडून गेली नाही, चाकूरलाच राहिली. वारली तेव्हा जवळ कुणी नव्हतं. दार शेजाऱ्यांनी उघडलं. मी मातीला गेलो. खांदाही दिला.

मागच्या उन्हाळ्यात नांदेडला आमची बॅच पुन्हा जमली. एकेकानं उठून आपलं सांगायचं होतं. एकीनं रक्त तपासायची लॅब टाकलेली, एकजण फौजदार, एकजण गावोगाव मधमाश्या पाळायला शिकवतो. मी माझ्या विद्यार्थ्यांबद्दल बोललो. टाळ्या पडल्या. मग ज्ञानोबा उठला.

"मी रोपं वाढवतो," तो हसत म्हणाला. "मास्तर व्हायचं होतं, न्हाई झालो. पर ह्या माणसानं तवा माझ्यासाठी शब्द टाकला. सोता उमेदवार असून! कोण करतंय असं?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. बोलायची वेळ तीच होती, नाही का?

यंदा त्याची मुलगी आमच्याच कॉलेजात अकरावीला आली. तो स्वतः सोडायला आला होता.

"हिला तुझ्या हवाली करतो," तो म्हणाला. "पाया पड गं. हे नुसते सर न्हाईत, लई मोठ्या मनाचा माणूस हाय."

ती वाकली. मी पाय मागं घेतले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवला. ज्ञानोबाचे डोळे भरून आले होते.

माझे नाही.