चालणारा मनोरा आणि आमची समिती

आमचं राज्य फुटून दोन व्हायचं ठरलं त्या वर्षी मी कातालान कादंबऱ्यांवर लेख लिहिला. कातालान ही स्पेनमधली भाषा, मोठ्या भाषेच्या सावलीत जगणारी. हैदराबादेत मराठी लिहिणारीला ती सख्खीच वाटली. कादंबऱ्या मी इंग्रजीतून वाचल्या होत्या. चांगल्या गंभीर, घरसंसाराच्या गोष्टी. पण मध्येच काहीतरी अघटित घडतं आणि कुणी मान वर करून बघत नाही. एकीत तर चर्चचा मनोरा दर गुरुवारी समुद्रावर आंघोळीला जातो. बायका वाळत घातलेली जाळी तेवढी बाजूला घेतात.

लेख आमच्या तारनाक्याच्या विवेकवादी मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात यावा, एवढंच मला हवं होतं. माझा पहिलाच लेख. पण तिथे प्रत्येक मजकूर समितीत हात वर करून मंजूर व्हायचा आणि चमत्काराला अंकात थारा नव्हता. हा नियम दोन वर्षांपूर्वी मीच टेबलावर मूठ आपटून करून घेतला होता. अंगारे-धुपाऱ्यांविरुद्धच्या पत्रकांवरच मी अक्षरं गिरवली. ती पत्रकं लिहिणारे माझे बाबा अंकाचे संपादक.

"मनोरा चालतो?" बाबा म्हणाले. "पुरावा?"

"कादंबरी आहे, बाबा."

"पोथीवालेही असंच म्हणतात."

मंडळातल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी चष्मा काढला. "त्या मनोऱ्यापुढे कुणी नारळ फोडतं का गं?"

"नाही."

"नवस? दक्षिणा?"

"काहीच नाही."

"मग कायको भांडताय? नुसता आंघोळीला जातोय बिचारा."

मी पेटले होते. "आपलं शहर आता दोन राज्यांची राजधानी होणार. त्यातल्या एकाची हद्द इथून कुठल्या कुठे! त्याचा पुरावा मागितला कुणी?"

"ते राजपत्रात आलंय," बाबा शांतपणे म्हणाले.

शेवटी तोड निघाली. लेख छापायचा, पण खाली तळटीप द्यायची: 'मनोरे चालत नाहीत. – समिती.' बाईंसकट सगळ्यांचे हात वर गेले. माझा नाही. त्या कादंबऱ्यांत कुणी खुलासा करत नाही, हाच तर लेखाचा मुद्दा होता. मी कागद उचलले.

"मागे घेतेस?" बाबांचा आवाज उतरला.

"घेते."

"ठराव मात्र झालाय."

मंजूर ठराव मोडायची आमच्यात पद्धत नाही. अंक आला तेव्हा माझ्यासाठी राखलेलं पान कोरं होतं आणि तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं, मनोरे चालत नाहीत. बरकतपुऱ्यापासून हिमायतनगरपर्यंत अंक घरोघर गेला. आजवर एकानेही विचारलेलं नाही, कुठले मनोरे.