वैनींचा आखूड कीबोर्ड

वैनींच्या कीबोर्डला आकडेच नव्हते. शिक्रापूरच्या आमच्या गोदामात गाड्यांची बिलं करणारी बाई, आणि कीबोर्डवर एक ते नऊचा पत्ता नाही! नवा माणूस चक्रावायचा. स्पेसचं बटण नुसतं टेकवून सोडलं की मोकळी जागा पडायची. तेच दाबून धरलं की वरच्या ओळीतली अक्षरं आकडे व्हायची. "घरात एक बाई चार कामं करती, मंग बटनानं दोन केली तर काय झिजलं त्याचं?" त्या म्हणायच्या.

हा वीतभर, टकटक वाजणारा कीबोर्ड त्यांनी हौसेनं मागवला होता आणि कुठल्या बटणानं काय करायचं तेही स्वतःच बसवलं होतं. तळेगाव ढमढेऱ्याहून जीपनं आल्या की डबा ठेवायच्या आधी तो पुसायच्या. बाहेर ट्रकवाले हिंदीत कावलेले असत. वैनी त्यांच्याशी भांडता भांडता बोटांकडे न बघता बिल काढत. नोकरी ठेकेदाराची. हात मंदावला की दुसरी बाई हजर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग बिलांवर माल घेणाऱ्या पार्ट्यांच्या नावांत आकडे घुसू लागले. "बोट लवकर उठंना आज," म्हणत त्या खोडायच्या. स्पेस किती वेळ दाबली म्हणजे ती 'धरली' समजायची, तो अवधी सेटिंगमध्ये जरा वाढवायच्या. काही दिवस बरे जायचे, पुन्हा तेच. आम्ही चेष्टा करायचो, "वैनी, स्पेसला डुलकी लागली का?" त्याही हसायच्या.

एकदा त्या चहाला गेल्या होत्या आणि गाडी अडली, म्हणून मी त्यांच्या जागी बसलो. स्पेस धरून आकडा मारला, तर अक्षर उमटलं. पुन्हा मारला, पुन्हा अक्षरच. बटण दाबून वाट बघत राहिलो, तेव्हा कुठं आकडा आला. अवधी वाढवत वाढवत त्यांनी इथवर आणला होता. म्हणजे एवढा वेळ त्यांचं बोट नुसतं उठायला घेत होतं!

वळून बघतो तर वैनी दारात. "कुनाला बोलू नगं," त्या म्हणाल्या.

"वैनी, दवाखान्यात चला."

"न्हाई. डॉक्टरनं नाव घेतलं की आजार खरा व्हतो."

ट्रकवाल्यांना न भिणारी बाई दवाखान्याच्या नावाला भीत होती. मलाही रात्री झोप लागेना. शेवटी त्यांच्या भावाला फोन केला. तो दौंडला रेल्वेत आहे. त्यानं त्यांना पुण्याला नेलं. नसांचा आजार निघाला. औषधानं त्याची वाढ मंदावेल, पण तो मागं फिरणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

परत आल्या त्याच दिवशी वैनींनी स्पेसचं दुसरं काम काढून टाकलं. "एक बटन, एक काम." मग आकडे कोण टाकणार? मोठ्या कीबोर्डवरच्या आकड्यांपर्यंत त्यांचं बोट वेळेत पोचत नव्हतं. मी माझा आकडेवाला कीबोर्ड त्यांच्याच कॉम्प्युटरला जोडला. त्या नाव टाकायच्या, हळूच "आकडा" म्हणायच्या, की मी आकडे टाकायचो. साहेबांना वाटायचं, मी काम शिकतोय. त्यांच्या बुटांचा आवाज आला की वैनी "आकडा" न म्हणता नुसती मान हलवायच्या.

असं बरेच महिने चाललं. एका दुपारी गाडी लागली. वैनींनी पार्टीचं नाव मोठ्यानं वाचलं. मी बोटं तयार ठेवून बसलो, पण टकटक काही सुरूच होईना. बघितलं तर त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला होता.

"अक्षरंबी तूच टाक," त्या म्हणाल्या.