पहिलं नको, दुसरं नको

अमेय, सई,

मी विलायतेला निघाले त्या दिवशी धक्क्यावर आमच्याकडची एवढी माणसं जमली होती की बोटीवरच्या गोऱ्या अधिकाऱ्याला वाटलं, हे सगळेच चढणार. चढणार होते मी एकटी, तीही कॉलेजच्या एका टर्मपुरती. अण्णा, म्हणजे माझे वडील, ठाण्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत. त्यांनी धक्क्यावरही मला एक अवघड स्पेलिंग घालून पाहिलं. आईला स्पेलिंगची काळजी नव्हती. तिने मला बाजूला ओढलं.

"परक्याच्या घरी राहणार आहेस. विचारल्याबरोबर हात पुढे करायचा नाही. आधी नको म्हणायचं."

"आणि खरंच भूक लागली असली तर?"

"मग विचारतील की पुन्हा! तीही माणसंच आहेत ना?"

ही रीत तुम्हाला नीट सांगायला हवी. आमच्या नौपाड्यात कुणाकडे गेलं आणि पोह्यांची बशी पुढे आली की पाहुण्याने "नको, नको, आत्ताच खाऊन निघालो" म्हणायचं. यजमानीणबाईंनी "थोडेसेच" म्हणायचं. पाहुण्याने बशीवर हात आडवा धरायचा आणि बाईंनी बोटांच्या फटीतून वाढायचं. तिथे भूक लागली म्हणून कुणी कधी खाल्लं नाही. सगळे आग्रहाखातर खायचे.

ज्या गावात मी गेले, तिथे माझी सोय मिसेस विल्किन्स नावाच्या विधवा बाईंकडे केली होती. उंच, नीटनेटक्या, बोलायला मोजक्या. लढाई संपून काही वर्षं झाली होती, तरी तिकडे रेशन चालूच होतं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, "मिस जोशी, आणखी बटाटे?"

"नो, थँक यू," मी आईचा मान राखून म्हणाले.

बाईंनी भांडं उचललं आणि आत गेल्या. मला वाटलं, गरम करून आणताहेत. मग आतून भांडी घासल्याचा आवाज आला.

मांसाला मी नको म्हणायचे ते मनापासून. राहिलं काय, तर पाव, बटाटे, उकडलेला कोबी आणि अंडं. अंड्याला अण्णांनी निघताना "औषध म्हणून" परवानगी दिली होती. पण त्या औषधालाही मी सभ्यपणे नको म्हणाले आणि तेही परत गेलं. सकाळी नको, संध्याकाळी नको, आणि दोन्ही वेळा बाई विश्वास ठेवायच्या. माझ्या पाचवारीच्या निऱ्या वाढत चालल्या. आईला मात्र मी लिहिलं, जेवण छान असतं. खोटं नव्हतं ते. दिसायला छानच असायचं.

शेवटी विल्किन्सबाई घाबरल्या आणि कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी आम्हा दोघींना चहाला बोलावलं.

"ही मुलगी काही खात नाही. घरच्या आठवणीने झुरतेय. उद्या आजारी पडली तर? पुढच्या बोटीने परत पाठवलेलं बरं," विल्किन्सबाई म्हणाल्या.

अर्धी टर्म टाकून परत गेले असते तर सगळं ठाणं म्हणालं असतं, "झेपलं नाही हो हिला!" ते मी सोसलं असतं. पण माझ्या पाठची कमल मॅट्रिकला होती. माझं हे असं झाल्यावर तिला कॉलेजात कोण पाठवणार होतं?

एवढ्यात प्राचार्यांनी केकची बशी माझ्यापुढे धरली. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "नो, थँक यू!"

"पाहिलंत?" विल्किन्सबाई म्हणाल्या.

"नाही हो! मला भूक लागलीय!" मी जवळजवळ ओरडलेच. "किती दिवस लागलीय!"

"पण आत्ताच तू नको म्हणालीस."

"ते पहिलं नको होतं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "एकूण असतात किती?" प्राचार्यांनी विचारलं.

"दोन. तिसऱ्यांदा विचारलं की आम्ही घेतो."

प्राचार्या विनोदी नव्हत्या. त्यांनी बशी खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. तिसऱ्या खेपेला मी केक घेतला. बोटीचा विषय पुन्हा निघाला नाही.

विल्किन्सबाई कामाच्या बाई. त्या दिवसापासून भांडं हातात धरून त्या एका दमात विचारायच्या, "बटाटे? बटाटे? बटाटे?" आठवडाभरात मलाच त्यांची दया आली आणि मी पहिल्याच बटाट्याला "येस" म्हणायला शिकले. प्रथम अगदी निर्लज्ज झाल्यासारखं वाटलं. मग सवय झाली.

टर्म पुरी करून आले. कल्याणच्या आत्याकडे पाया पडायला गेले, तेव्हा तिने बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला. "घे गं एक."

"हो, दोन दे," मी म्हणाले.

आत्याचा हात डब्यातच राहिला. "अगं बाई! उपाशी ठेवलं होतं की काय तिकडे पोरीला?"

आत्याचं ऐकून आई चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही. कमल मात्र जूनमध्ये कॉलेजात गेली.

पुढे लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, इथे जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि तुमचे आईबाबा टोरांटोला गेले. गेल्या मे महिन्यात तुम्ही आलात, तेव्हा मी अळूवड्या केल्या होत्या. अमेय, तू म्हणालास, "नको आजी." तिकडे वाढलेलं पोर, नको म्हणजे नकोच असणार, असं समजून मी ताट आत नेलं. मनातून वाईट वाटलं. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आले तर तू ओट्याशी उभा, तोंडात अख्खी वडी, आणि उलट मलाच म्हणतोस, "तू परत विचारलंच नाहीस!"

मी पदर तोंडाला लावून हसले. डोळ्यांत पाणी आलं ते हसण्याचंच, असं तुला सांगितलं. सईने मागे फोनवर विचारलं होतं, आजी, घर म्हणजे नेमकं कुठलं गं? आता सांगते. पुन्हा विचारतीलच, अशा खात्रीने जिथे माणूस नको म्हणतो, ते घर.

तेव्हा या, आणि निर्धास्त नको म्हणा.

तुमची आजी