डॅशबोर्डवरचा स्टीलचा ग्लास

आमच्या उधन्याच्या गॅरेजचे किस्से मी कधी लिहून ठेवले नाहीत. गरजच पडली नाही. दोन मेकॅनिक चहाला बसले की किस्सा आपोआप निघतो, आणि हसून झालं की वाटतं, अरे, यात हसण्यासारखं होतं तरी काय? त्या पांढऱ्या गाडीचे किस्से सगळे तसलेच.

गाडी एका कापडवाल्या शेठची. त्यांच्या वडिलांनी हौसेनं घेतलेली, परदेशी, पन्नास वर्षांची आणि ऑटोमॅटिक! दुखणं एकच. इंजिन चालू करून गियरचा दांडा पुढे जायच्या 'डी'वर टाकला की ढुम्म! मागून कुणी लाथ घातल्यासारखी गाडी हलायची.

आमचे मालक जिग्नेशभाई. आणि सगळ्यात जुने मिस्त्री अप्पा, अमळनेरकडचे, बावीस वर्षं इथेच. अप्पांना कॉम्प्युटर येत नाही म्हणून त्यांना घरी बसवायचं, असं मालकांच्या मनात कधीचं होतं. पांढरी गाडी आली तेव्हा ते सरळच म्हणाले, "अप्पा, ये गाडी ठीक कर दी तो रहो. नहीं तो आराम करो!"

अप्पा म्हणाले, "चालेल."

*

जिग्नेशभाईंनी नुकताच, गाडीला जोडला की बिघाड सांगणारा स्कॅनर घेतला होता. तो घेऊन ते डॅशबोर्डखाली शिरले आणि तो जोडायला सॉकेट शोधू लागले. टॉर्च आणला, मॅट उचलली, एक सीटसुद्धा काढली. जेवायची वेळ झाली तरी मालकांचे पाय गाडीबाहेर आणि डोकं आत!

अप्पा स्टुलावर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "जिग्नेशभाई, तुमचा सॉकेट पैदा हुआ ना, तब तक इस गाडी की शादी हो गयी थी!"

सगळं गॅरेज हसलं. मालक हसले नाहीत. अप्पांचे दिवस भरले ते तिथेच.

*

अप्पांचा स्कॅनर म्हणजे त्यांच्या डब्याच्या पिशवीतला स्टीलचा ग्लास. त्यांच्या बायकोच्या, सुमनकाकूंच्या, रुखवतातला. ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेला. तो काठोकाठ भरून डॅशबोर्डवर ठेवायचा आणि 'डी' टाकायचा. पाणी सांडलं तर गाडी नापास, नुसतं थरथरलं तर पास!

त्याच पिशवीतून सुमनकाकूंची कळण्याची भाकरी आणि भरीत यायचं. त्यातलं अर्धं मालकांच्या पोटात. "भाभी के हाथ में जादू है!" बावीस वर्षं हे एकच वाक्य, आणि बोटं चाटणं.

तर अप्पांनी पांढऱ्या गाडीत ग्लास ठेवला. स्टिअरिंगवर मी होतो, पहिल्याच झटक्याला माझी पँट भिजली. मग त्यांनी बॉनेट उघडून एकेका नळीवरून बोट फिरवलं. इंजिनाकडून गियरबॉक्सकडे जाणारी एक बारीक रबरी नळी तडकली होती. त्यांनी ती चीर अंगठ्यानं दाबून धरली.

"ब्रेक दाबी ठेव. आते टाक."

मी 'डी' टाकला. पाणी फक्त थरथरलं!

"नळी फाटली की गियरबॉक्सला वाटतं, ॲक्सिलरेटर पार दाबलाय. मग तो जोरात पकडतो," अप्पांनी समजावलं. "गियरबॉक्सनं काहीच बिघडेल नही शे, भाऊ!"

*

मालकांना गॅरेजच्या रील काढून फोनवर टाकायचा नाद. हे त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "नली की रील कौन देखेगा?"

झालं! गियरबॉक्स खाली उतरवला. म्युझिक लावलं, स्लो मोशन केलं. बावीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला हातात दिवा देऊन उभं केलं. आतल्या क्लच प्लेटी स्वच्छ निघाल्या. मालक कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "देखो, कितना खराब हो गया था!"

अप्पा दिवा धरून हळूच म्हणाले, "निरोगी माणसाचं पोट फाडलं."

गियरबॉक्स परत बसवला. जुनी नळीही मालकांनी तशीच लावायला लावली.

*

दुसऱ्या दिवशी शेठ गाडी बघायला येणार होते. अप्पा जेवायला गेले असताना मालकांनी स्वतः गियरबॉक्सचं तेल तपासलं. इंजिन बंद ठेवून! त्या गाडीचं तेल इंजिन गरम आणि चालू असताना बघायचं असतं, बंद असलं की पातळी वर दिसते. मालकांना वाटलं, जास्त झालंय. दोन लिटर काढून टाकलं.

शेठ आले, बसले, 'डी' टाकला. काहीच नाही. तीन सेकंद शांतता, मग असा ढुम्म की शेठचा चष्मा मांडीवर!

"अप्पा ने तेल कम डाला," मालक लगेच म्हणाले. "उमर हो गयी है, शेठ."

मी समोर होतो. तेल काढताना मीच खाली डबा धरला होता. आणि मी तोंडातून एक अक्षर काढलं नाही! मला घरी बसायचं नव्हतं, बाकी कारण नाही. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

"अप्पा, कल से आराम करो," मालक म्हणाले.

*

अप्पा लगेच गेले नाहीत. इंजिन चालू ठेवून तेल पुरं भरलं, तडकलेली नळी काढून नवी बसवली, ग्लास ठेवला, 'डी' टाकला. एक थेंब सांडला नाही.

मी म्हटलं, "अप्पा, कशाला? भोगू द्या ना त्यांना!"

"गाडीनी काय चूक शे?" एवढंच बोलून ते नवागामला घरी पायी निघाले. ग्लास डॅशबोर्डवरच राहिला.

*

तीन दिवसांनी रील आली. मालकांच्या एका हातात स्कॅनर, दुसरा हात दांड्यावर. समोर काठोकाठ भरलेला ग्लास. 'डी' टाकला, पाणी हललं, सांडलं नाही. "ये है टेक्नोलॉजी!"

संध्याकाळी नवागामला जाऊन मी ती अप्पांना दाखवली. त्यांनी दोनदा बघितली आणि फोन मला परत दिला.

"तो गिलास मनी बायकोना शे. उद्या लई ये."

सकाळी मी मालकांकडे अप्पांचा ग्लास मागितला.

"हां हां, ले जा ना," म्हणत त्यांनी तो टेबलावरून उचलला. देता देता हातात फिरवला, उजेडात धरला, आणि ठिपके जुळवत नाव वाचलं.

"ये सुमन कौन है?"